ओपन रॅन म्हणजे काय? टॉवर एक, यंत्रं अनेकांची. बिघडलं तर जबाबदार कोण?

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात पगार झाला की गावी पैसे पाठवायची घाई असते. पूर्वी मनिऑर्डर जायची, नाहीतर धुळे-नंदुरबार-जळगावकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाकीट दिलं जायचं. आता यूपीआय आहे. रिंगरोडच्या कापड मार्केटमध्येही डिझाइनचे फोटो, ऑर्डर, पार्सलची पावती सगळं मोबाइलवरच फिरतं. अशा वेळी स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं की राग निघतो तो टॉवरवर.

पण त्या टॉवरवरची यंत्रं कोणाची, ती कोणी बनवली आणि बंद पडली तर दुरुस्त कोण करतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ही यंत्रं विकत घेण्याची आणि जोडण्याची पद्धतच बदलू पाहणाऱ्या कल्पनेचं नाव आहे 'ओपन रॅन'. हा शब्द गेल्या काही वर्षांत सरकारी घोषणांत आणि कंपन्यांच्या जाहिरातींत वारंवार येतो. तो नेमका काय आहे, त्याचा फायदा-तोटा काय आणि ग्राहकाचा त्याच्याशी संबंध किती, याची ही माहिती.

टॉवरवर नेमकं काय असतं?

मोबाइल नेटवर्कचे ढोबळ दोन भाग पडतात. पहिला 'कोअर', म्हणजे मुख्य केंद्र. नंबर कोणाचा, रिचार्ज आहे की संपला, कॉल कुठे जोडायचा, इंटरनेट कुठून द्यायचं हे तिथे ठरतं. दुसरा 'रॅन', म्हणजे रेडिओ अॅक्सेस नेटवर्क. हवेतून थेट आपल्या फोनशी बोलणारा हा भाग. कोअरची केंद्रं मोजकी असतात, रॅन मात्र गावोगावी आणि गल्लोगल्ली बसवावं लागतं. म्हणून यंत्रसामग्रीवरचा कंपनीचा सर्वात मोठा खर्च रॅनवरच होतो.

रॅनमध्ये तीन कामं चालतात :

• रेडिओ युनिट (आरयू) : अँटेनाजवळची पेटी. फोनकडून आलेल्या लहरी घेते आणि फोनकडे लहरी सोडते.

• डिस्ट्रिब्युटेड युनिट (डीयू) : तातडीचा हिशेब करणारा भाग. कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची, हे तो मिलिसेकंदाच्या हिशेबात ठरवतो.

• सेंट्रलाइज्ड युनिट (सीयू) : त्यामानाने सावकाश चालणारी कामं. चालत्या गाडीतला फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवणं, माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणं वगैरे.

डीयू आणि सीयूचं काम पूर्वी टॉवरखालच्या एकाच पेटीत व्हायचं. तिला 'बेसबँड' म्हणतात.

जुनी पद्धत : सगळा माल एकाच दुकानातून

जगात रॅनची यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या : चीनच्या हुआवेई आणि झेडटीई, स्वीडनची एरिक्सन, फिनलंडची नोकिया आणि दक्षिण कोरियाची सॅमसंग. मोबाइल कंपनी एखाद्या भागासाठी यातली एक निवडते आणि रेडिओ, बेसबँड, सॉफ्टवेअर सगळं तिच्याकडूनच घेते. कारण रेडिओ आणि बेसबँड यांच्यातली 'बोली' प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठेवलेली असते. एकाचा रेडिओ दुसऱ्याच्या बेसबँडला सहसा जोडता येत नाही.

आयात केलेली लूम घेतलेल्या विणकराला हे वेगळं सांगायला नको. मशीन एकदा बसलं की सुटे भाग, कंट्रोल कार्ड, त्यातलं सॉफ्टवेअर सगळ्यासाठी त्याच कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. भाव तो सांगेल तो. मोबाइल कंपन्यांची अडचण हीच, फक्त आकडे हजारो कोटींचे. ४जी वरून ५जी वर जातानाही जुन्याच पुरवठादाराकडे जाणं सोयीचं पडतं. नवा आणायचा तर सगळंच बदलावं लागतं.

ओपन रॅनमध्ये काय बदलतं?

या तीन भागांना जोडणारे सांधे उघडे करायचे, म्हणजे त्यांचे नियम लिहून सर्वांसाठी जाहीर करायचे. ते नियम पाळणाऱ्या कोणाचाही रेडिओ दुसऱ्या कोणाच्याही डीयूला जोडता यावा, अशी ही कल्पना. हे नियम लिहिण्यासाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये 'ओ-रॅन अलायन्स' ही संघटना स्थापन झाली. एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइच टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच मोबाइल कंपन्या तिच्या संस्थापक. पुढाकार यंत्रं विकणाऱ्यांनी घेतलेला नव्हता, विकत घेणाऱ्यांनी घेतला होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. भारतातून एअरटेल आणि जिओ तिच्या सदस्य आहेत.

दुसरा बदल सॉफ्टवेअरचा. डीयू आणि सीयूचं काम खास पेटीऐवजी बाजारात मिळणाऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकून करता येतं. तिसरा बदल म्हणजे 'आरआयसी' नावाचा नियंत्रक. तो टॉवरवरचा भार पाहून सूचना देतो. त्याचे दोन प्रकार आहेत : एक १० मिलिसेकंद ते १ सेकंदात निर्णय घेणारा, दुसरा त्याहून सावकाश चालणारा. यावर तिसऱ्याच कंपनीने लिहिलेली छोटी अॅप चालवता येतात.

उदाहरण द्यायचं तर, रात्री कापड मार्केट रिकामं होतं आणि मोबाइलवरची गर्दी वस्त्यांमध्ये सरकते. मार्केटवरच्या टॉवरचे काही रेडिओ रात्रीपुरते झोपवून वीज वाचवायची, हे काम असं अॅप आपोआप करू शकतं.

सुरतच्या साडीवरून समजून घ्या

सुरतची साडी एका छताखाली क्वचितच तयार होते. धागा एकाचा, ग्रे कापड विणणारा दुसरा, रंगाई-छपाईची मिल तिसऱ्याची, एम्ब्रॉयडरीचं मशीन चौथ्याचं. लेस आणि टिकली लावणाऱ्या बाया घरी बसून काम करतात, आणि घडी-पॅकिंग आणखी कोणी करतं. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार पर्याय असल्याने भाव दबून राहतात आणि थोडं भांडवल असलेला माणूसही धंद्यात उतरू शकतो. खानदेशातून कामगार म्हणून आलेल्या माणसाला पुढे-मागे स्वतःची चार मशीनं टाकता येतात, ती या पद्धतीमुळेच. ओपन रॅनला हेच साधायचं आहे. सगळी यंत्रणा बनवण्याची ऐपत नसलेली छोटी कंपनी नुसता रेडिओ किंवा नुसतं सॉफ्टवेअर बनवूनही बाजारात येऊ शकते.

पण साडी डॅमेज निघाली की काय होतं, हेही सुरतला ठाऊक आहे. व्यापारी मिलवाल्याला धरतो. मिलवाला म्हणतो, ग्रे मध्येच दोष होता. विणकर म्हणतो, धागा खराब आला. धागेवाला म्हणतो, आमच्या लॉटची बाकी कोणाची तक्रार नाही. शेवटी नुकसान त्याच्याच गळ्यात पडतं, ज्याच्याकडे पुढचा माल अडवण्याची ताकद सर्वात कमी असते.

अनेक कंपन्यांच्या नेटवर्कची खरी कसोटी इथेच आहे. कॉल तुटतोय, दोष रेडिओचा, सॉफ्टवेअरचा, सर्व्हरचा की मधल्या फायबरचा? एकाच पुरवठादाराच्या यंत्रणेत त्याला फोन लावला की झालं, पळायला जागा नसते. ओपन रॅनमध्ये हे सगळं जुळवून देणारा आणि दोष शोधून त्याची जबाबदारी घेणारा एक वेगळा 'सिस्टीम इंटिग्रेटर' लागतो. त्याचे पैसे वेगळे. एका भागाचं सॉफ्टवेअर बदललं की बाकीच्यांशी ते जुळतं का, ही चाचणी दर वेळी नव्याने करावी लागते. यंत्रं स्वस्त मिळाली तरी जुळवणीचा खर्च धरल्यावर हिशेब कुठे जातो, यावरच हे गणित ठरतं.

एकसारखे वाटणारे चार शब्द

बातम्यांत या चार गोष्टींची हमखास गल्लत होते.

१. ओपन रॅन : सांधे उघडे, वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडता येतात.

२. व्हर्च्युअल रॅन : बेसबँडचं काम सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरने होतं. पण रेडिओपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं एकाच कंपनीचं असू शकतं. म्हणजे व्हर्च्युअल आहे, पण ओपन असेलच असं नाही.

३. स्वदेशी यंत्रणा : देशात बनलेली. तीही एकाच कंपनीची आणि बंद सांध्यांची असू शकते.

४. टॉवर शेअरिंग : एकाच लोखंडी टॉवरवर दोन-तीन मोबाइल कंपन्यांची आपापली यंत्रं. ही जागेची भागीदारी झाली. ओपन रॅनशी तिचा संबंध नाही.

भारतात आतापर्यंत काय घडलं?

या विषयाला आपल्याकडे जोर आला तो जून २०२० मध्ये गलवानला झालेल्या चकमकीनंतर. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दूरसंचार क्षेत्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश मंजूर केला. १५ जून २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना नवी यंत्रं फक्त 'विश्वासार्ह स्रोत' ठरलेल्या पुरवठादारांकडूनच जोडता येतात. चिनी कंपन्यांसाठी दार जवळजवळ बंद झालं. आधीच मोजके असलेले विक्रेते आणखी कमी झाले. त्यामुळे नवे पुरवठादार, शक्यतो भारतीय, उभे करण्याची गरज वाढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने दूरसंचार उपकरणांच्या उत्पादनासाठी १२,१९५ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.

जून २०२१ मध्ये एअरटेल आणि टाटा समूहाने ओ-रॅनवर आधारित ५जी यंत्रणेसाठी भागीदारी जाहीर केली. मोठी बातमी झाली. पण ऑगस्ट २०२२ मध्ये स्पेक्ट्रम लिलाव संपला आणि प्रत्यक्ष ५जी उभारायची वेळ आली, तेव्हा एअरटेलने करार केले ते एरिक्सन, नोकिया आणि सॅमसंगशी. जिओने ऑक्टोबर २०२२ मध्ये एरिक्सन आणि नोकियाची निवड जाहीर केली. कोअर मात्र स्वतःचं ठेवलं. व्होडाफोन आयडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ३०,००० कोटी रुपयांची यंत्रखरेदी ठरवली, तीही नोकिया, एरिक्सन आणि सॅमसंगकडून.

कारण उघड आहे. ५जीची घाई होती. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिओने गुजरातच्या सर्व ३३ जिल्हा मुख्यालयांत सेवा पोहोचल्याचं जाहीर केलं. सुरत त्यात आलंच. इतक्या वेगाने पसरायचं तर हात बसलेला, तयार माल लागतो. सण तोंडावर असताना व्यापारीही नव्या जॉबवर्करला मोठा लॉट देत नाही.

बीएसएनएलचं ४जी : स्वदेशी, पण ओपन?

बीएसएनएलचा मार्ग वेगळा. त्यांच्या ४जीसाठी टीसीएस इंटिग्रेटर आहे, रेडिओ आणि बेसबँड बेंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सचे आणि कोअर सरकारी संस्था सी-डॉटचं. मे २०२३ मध्ये टीसीएसच्या गटाला १५,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची ऑर्डर मिळाली. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातील झारसुगुडा इथून पंतप्रधानांच्या हस्ते या स्वदेशी ४जीचं लोकार्पण झालं. या वेळी देशभरातल्या ९७,५०० हून अधिक टॉवरचा आकडा देण्यात आला. खर्च सुमारे ३७,००० कोटी रुपये.

ही कामगिरी मोठी आहे. रॅनची यंत्रं स्वतः बनवणारे देश जगात थोडेच आहेत. पण यात रॅनचा भाग मुख्यतः एकाच पुरवठादाराचा आहे. कोअर एकाचं, रॅन दुसऱ्याचं आणि जुळवणी तिसऱ्याची, एवढी विभागणी इथे आहे. रॅनच्या आतले सांधे उघडून वेगवेगळ्यांचे भाग बसवणं ही त्यापुढची पायरी. 'स्वदेशी' ऐकलं की 'ओपन' समजू नये, ते यासाठीच.

परदेशातला अनुभव काय सांगतो?

जपानच्या रकुतेन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये सुरुवातीपासूनच ओपन आणि सॉफ्टवेअरवर चालणारं नेटवर्क सुरू केलं. जगभर त्याकडे नमुना म्हणून पाहिलं गेलं. नेटवर्क चाललं, मात्र पहिली काही वर्षं रकुतेनचा मोबाइल धंदा मोठ्या तोट्यात होता. त्यात नवे टॉवर उभारण्याचा आणि ग्राहक ओढण्याचा खर्चही होता. सगळा दोष ओपन रॅनच्या माथी मारता येणार नाही.

अमेरिकेत डिश कंपनीने असंच नवं नेटवर्क उभारलं. पण ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या मालक कंपनीने, इकोस्टारने, आपलं स्पेक्ट्रम एटी अँड टी आणि स्पेसएक्सला विकण्याचे करार केले. एटी अँड टीबरोबरचा सौदा सुमारे २३ अब्ज डॉलरचा. स्वतःचं रॅन चालवण्याचा मार्ग कंपनीने सोडला.

खुद्द एटी अँड टीने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे १४ अब्ज डॉलरचा ओपन रॅन करार केला, पण मुख्य पुरवठादार निवडला एरिक्सनलाच. सांधे उघडे ठेवायचे, आधी जबाबदारी एका मोठ्या कंपनीवर टाकायची आणि नंतर हळूहळू इतरांना आत घ्यायचं, असा हा मधला मार्ग. टीकाकार म्हणतात, मग यात वेगळं काय झालं? बाजू घेणारे म्हणतात, दार तरी उघडं राहिलं. पुढच्या खरेदीला दुसरा विक्रेता आत येऊ शकतो, एवढ्यानेच भावावर फरक पडतो.

शहर आणि सीमेवरचं गाव

ओपन रॅनचा पूर्ण लाभ डीयू टॉवरपासून काढून एका ठिकाणी आणले तर मिळतो. चाळीस टॉवरचं काम एका खोलीतले सर्व्हर करू शकतात. अट एकच, मध्ये चांगलं फायबर हवं. प्रकाशाला फायबरमधून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात आणि रेडिओ-डीयू संवादाला उशीर चालत नाही. त्यामुळे हे अंतर साधारण २० किलोमीटरच्या आत ठेवावं लागतं.

सुरतसारख्या दाट शहरात हे जमण्यासारखं आहे. पण तापी जिल्ह्यातलं उच्छल-निझर किंवा पलीकडचं नवापूर, अक्कलकुवा, धडगाव इथे टॉवर लांब-लांब, रस्ता डोंगराचा, आणि रस्त्याच्या कामात फायबर तुटणं नेहमीचं. तिथे डीयू टॉवरखालीच ठेवावा लागतो, म्हणजे जुन्यासारखीच रचना. फायदा झालाच तर यंत्रं स्वस्त मिळण्याचा. आणि बिघाड झाला तर दोन-तीन कंपन्यांची माणसं डोंगरावर कोण आणि कधी पाठवणार, हा प्रश्न शहरापेक्षा तिथे जास्त टोचणार.

ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

फोन किंवा सिम बदलावं लागेल का?
नाही. फोन आणि टॉवर यांच्यातली भाषा तीच राहते. बदल टॉवरच्या मागच्या बाजूला होतो.

रिचार्ज स्वस्त होईल का?
लगेच नाही. यंत्रांचा खर्च कमी झाला तरी दर ठरतात ते बाजारातल्या स्पर्धेवर, आणि देशात खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत.

गुजरात-महाराष्ट्र सीमेवर नेटवर्क तुटतं, ते सुटेल का?
तो प्रश्न वेगळा आहे. गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन स्वतंत्र दूरसंचार सर्कल. स्पेक्ट्रमचा लिलावही सर्कलनिहाय होतो. नवापूर रेल्वे स्थानकाचा निम्मा भाग एका राज्यात, निम्मा दुसऱ्यात. फोनला मात्र अशा ठिकाणी एका सर्कलमधून दुसऱ्यात जावं लागतं. ओपन रॅनने ही रेषा पुसली जात नाही.

बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागायची?
ज्या कंपनीचं सिम, तिच्याकडेच. आधी तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावं. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवरचा मोठा बिघाड २४ तासांपेक्षा जास्त चालला, तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सवलत आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी लागते. नैसर्गिक आपत्ती याला अपवाद. कोणत्या भागात कोणती सेवा आहे याचे नकाशेही कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. सिम बदलण्याआधी सुरतचा आणि गावाचा, दोन्ही ठिकाणचा नकाशा पाहून घ्यावा.

थोडक्यात

ओपन रॅनमुळे मूठभर विक्रेत्यांची पकड ढिली होऊ शकते, भारतीय कंपन्यांना जागा मिळू शकते, आणि पुढेमागे नेटवर्क उभारण्याचा खर्चही उतरू शकतो. आजवरचा अनुभव मात्र असा की घोषणा झाल्या लवकर, आणि मोठ्या ऑर्डर गेल्या जुन्याच नावांना. त्यामागे तंत्रज्ञानाइतकंच कारण जबाबदारीचं आहे.

ग्राहकापुरतं उत्तर सरळ आहे. टॉवरवर एकाची यंत्रं असोत की पाच जणांची, बिल ज्याच्या नावाने येतं, उत्तर त्यानेच द्यायचं. साडी कोणत्या मिलमध्ये रंगली हे गिऱ्हाईक विचारत नाही. ज्या दुकानातून घेतली तिथेच परत आणतं. 'वेंडरकडून प्रॉब्लेम आहे' असं उत्तर तक्रार केंद्रातून मिळालं, तर ते मान्य न करता तक्रार क्रमांक मागून घ्यावा.